फोटोखालचं नाव

बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीच्या शेवटच्या वळणावर एक फोटो स्टुडिओ होता. तिथल्या बाईंना अख्खं गाव 'वहिनी' म्हणायचं. खरं तर त्या एकाच माणसाच्या वहिनी होत्या, त्यांच्या नणंदेच्या. पण ही नणंद दिवसातून पन्नास वेळा जिन्यावरून 'वहिनीऽऽ' अशी हाक मारायची, ती खाली बसलेल्या गिऱ्हाइकांच्या कानावर पडायची, आणि मग पासपोर्टच्या फोटोला आलेले म्हातारेसुद्धा 'वहिनी, भांग सरळ आहे का बघा जरा' म्हणू लागले. पुढे नणंद लग्न होऊन गेली. हाक मारणारं कुणी उरलं नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

आता वहिनींनी एकसष्टी ओलांडली होती. यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती. फोटो काढायला कुणी येत नव्हतं, जो तो स्वतःच्या फोनवर स्वतःचं तोंड टिपत होता. एका चष्मेवाल्याने जागा मागितली आणि वहिनींनी फारसे आढेवेढे न घेता हो म्हटलं. वरच्या दोन खोल्या राहायला ठेवायच्या आणि खालचा स्टुडिओ महिनाअखेर रिकामा करून द्यायचा, असं ठरलं.

रिकामं करायला घेतल्यावर मात्र त्यांचे हात अडखळायला लागले. मामंजींचा लाकडी कॅमेरा, त्याचं काळं फडकं, भिंगांच्या डब्या, काचेच्या निगेटिव्हच्या पेट्या. हे सगळं सासऱ्यांचं होतं, म्हणजे नणंदेच्या बापाचं. त्याला परस्पर बाहेरची वाट दाखवणं बरं दिसेना. वहिनींनी फोन केला.

"चिमे, स्टुडिओ बंद करतेय. तुझ्या वडिलांच्या वस्तू आहेत. काय हवं ते घेऊन जा."

चिमी म्हणाली, "येते. शनिवारची बस मिळते का बघते. तुम्ही त्रास करून घेऊ नका."

तिचं ते 'तुम्ही' वहिनींना नेहमीसारखंच बोचलं. चौतीस वर्षं बोचत होतं.

त्याआधी असं नव्हतं. वहिनी लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या, चिमी एकवीसची. नणंद-भावजयीचं आता कसं वाजतं ते ऐकायला गल्ली कान टवकारून बसली होती. गल्लीची साफ निराशा झाली. पंधरा दिवसांत दोघी 'अगं-तुगं'वर आल्या आणि महिन्याभरात डार्करूममध्ये एकमेकींच्या पायावर पाय देत काम करायला लागल्या. वहिनींच्या यजमानांना लहानपणापासून अंधाराचं भय. ते गल्ल्यावर बसून पावत्या फाडायचे, गोड बोलून गिऱ्हाईक सांभाळायचे, पण डार्करूमचं दार लागलं की त्यांच्या कपाळाला घाम. त्यामुळे मामंजींनी आपली विद्या मुलाऐवजी मुलीला आणि सुनेला दिली. लाल दिव्याखाली तिघं उभी राहायची. पाण्यात हलणाऱ्या कागदावर आधी भुवया यायच्या, मग डोळे, मग नाक. कुणाच्या तरी चुलत्याचा चेहरा हळूहळू वर यायचा आणि चिमी हमखास म्हणायची, "आले बघा काका. पाणी कसं आहे काका?" मामंजी रागवायचे आणि स्वतःच हसायचे.

त्या किनाऱ्यावर वर्षाचा दीड महिना धुक्याचा. बंदरातला भोंगा पहाटे वाजायला लागला, की धुकं उतरलं असं समजायचं. पहिला भोंगा झाला की चिमी वहिनींच्या दारावर टिचकी मारायची. एक टिचकी. दुसरी मारायची वेळ कधी आली नाही, कारण वहिनी आतून कपडे करून तयारच असायच्या. मग लाकडी कॅमेरा एकीच्या पाठीवर, त्याचं तीन पायांचं तिकाटणं दुसरीच्या खांद्यावर, आणि दोघी गावाबाहेरच्या खडकांवर. मामंजी गॅलरीतून ओरडायचे, "भिंग पुसत राहा गं! आणि घाई नको. खडक कुठे पळून जात नाहीत."

त्या उजेडात एकटीचं काम नव्हतं. कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर चित्र उलटं दिसतं, आणि पहाटेच्या अंधुकात तर काही दिसतच नाही. म्हणून एकीने टॉर्च घेऊन पुढे खडकांपर्यंत जायचं आणि ज्या दगडावर नजर ठरवायची त्याच्याजवळ टॉर्च धरून उभं राहायचं. दुसरीने काळ्या फडक्याखाली डोकं घालून त्या ठिपक्यावर भिंग जुळवायचं. जुळलं की टॉर्च बंद करून परत यायचं. मग कमी उजेडात फिल्म फार आळशी होते, उजेडमापी आठ सेकंद म्हणत असेल तर तिला तीस द्यायचे, हा मामंजींचा हिशेब. तेवढा वेळ बटणाची तार दाबून धरायची आणि मोठ्याने मोजायचं. मोजून होईपर्यंत लाटा येऊन जाऊन कागदावर नुसता धूर उरायचा. त्या धुरातून काळे खडक डोकं काढून बसलेले असायचे.

अशी चार वर्षं गेली. चौथ्या वर्षी चिमीचं लग्न ठरलं, आणि त्याच वर्षी तो फोटो निघाला.

जागा चिमीने शोधली होती. दोन खडकांमधली एक चिंचोळी फट, तिच्यातून पलीकडचा तिसरा खडक अर्धवट दिसायचा. वहिनी टॉर्च घेऊन गेल्या, चिमीने भिंग जुळवलं. पण थंडीने चिमीची बोटं इतकी बधिर झाली की तार दाबवेना. "तू दाब गं. तीस मोज." वहिनींनी तार हातात घेतली. तीस झाले. पण खडकांमागून उजेडाची एक फिकट पट्टी पाण्यावर सरकत येताना त्यांना दिसली, आणि त्या थांबल्याच नाहीत. चाळीस, पन्नास. चिमी म्हणाली, "जळेल अगं फिल्म!" वहिनींनी सत्तरला सोडलं.

फिल्म जळली नव्हती. मामंजींनी तो कागद पाण्यातून वर उचलला, लाल दिव्याशी धरून निरखला. मग त्यांनी कुणाला न सांगता तो मोठा करून एका मोठ्या शहरातल्या प्रदर्शनात पाठवून दिला. पहिलं बक्षीस मिळालं. छापील पुस्तिका आली, तिच्यात तो फोटो होता आणि फोटोखाली एकच नाव होतं. वहिनींचं.

वहिनी धावत मामंजींकडे गेल्या होत्या. ते शांतपणे म्हणाले, "चिमी आता दुसऱ्या घरी जाणार. इथे बसणार तू. नाव इथल्या माणसाचं असलं की दुकानाला बरं." त्यांच्या मनात खोट नव्हती. त्यांना ते दुकानाची पाटी रंगवण्याइतकं साधं वाटलं असणार.

त्याच वेळी वहिनींनी बोलायला हवं होतं. पण लग्नाच्या पत्रिकेनंतर स्वतःचं नाव छापलेलं त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. सासूचं, नवऱ्याचं, नणंदेचं कुणाचंच नातं न लावता, नुसतं त्यांचं नाव. त्यांनी पुस्तिका मिटली आणि गप्प बसल्या.

चिमीने ती जेवणाच्या टेबलावर पाहिली. पान उघडून बघितलं, परत मिटून नीट कडेला ठेवली. म्हणाली, "छान छापलाय हं, वहिनी. तुम्हाला किती आनंद झाला असेल."

तुम्हाला. तेव्हापासून ते सुरू झालं. महिन्याभराने ती लग्न होऊन गेली, समुद्रापासून बस बदलत दीड दिवस लागेल अशा कोरड्या गावात. संबंध काही तुटले नाहीत. बाळंतपणं झाली, भेटीगाठी झाल्या, मामंजी गेले तेव्हा ती आली, तिचा दादा गेला तेव्हाही आली. बोलायची, हसायची, वहिनींच्या हातातलं काम काढून घ्यायची. कुठे बोट ठेवायला जागा नाही. पण 'अगं वहिनी' कायमचं गेलं.

तो फोटो मात्र स्टुडिओच्या दर्शनी खिडकीत लागला, खाली पितळी पट्टीवर नाव. परगावचे लोक विचारत यायचे, 'धुक्याचे फोटो काढणाऱ्या बाई त्या तुम्हीच का?'

चिमी रविवारी संध्याकाळी उतरली. एक पिशवी, पांढरे झालेले केस बारीक कापलेले, आणि चष्मा दोरीने गळ्यात. "कशा आहात?" म्हणाली. पुढचे दोन दिवस दोघी पेट्या उपसत राहिल्या. कुणाच्या कुणाच्या लग्नांच्या निगेटिव्ह सापडल्या. रडणाऱ्या बाळांना दाखवायची रबरी बदकं सापडली, त्यातलं एक अजून वाजत होतं. वहिनींच्या यजमानांनी पावतीच्या मागे काढलेली गिऱ्हाइकांची व्यंगचित्रं सापडली, ती बघून चिमीला इतकं हसू आलं की ती जमिनीवरच बसली. मग हसता हसता तिचे डोळे भरले, आणि वहिनींनी न बघितल्यासारखं करून दोरी शोधायला घेतली.

खिडकीतला फोटो उतरवला तेव्हा चिमीनेच तो फडक्याने पुसला. पितळी पट्टीवरूनही फडकं फिरवलं. "काच बदलायला झालीय," एवढंच म्हणाली.

गुरुवारी तिची परतीची बस होती. बुधवारी पहाटे भोंगा वाजला.

वहिनी जाग्याच होत्या. कूस बदलली तर दारावर टिचकी. एकच. दार उघडलं तर दादाचा जुना जाड कोट घालून चिमी उभी. बाह्या हातांच्या खाली लोंबत होत्या.

"तुम्ही येणार का?" ती म्हणाली. "नसाल येत तर राहू दे. कॅमेरा अजून बांधलेला नाही, म्हणून म्हटलं."

"फिल्म फ्रिजमध्ये आहे," वहिनी म्हणाल्या. "लोण्यामागे. जुनी झालीय."

"आपण कुठे नव्या आहोत!"

पाठीवर कॅमेरा घ्यायचे दिवस गेले होते. त्यांनी तो बाजारहाटाच्या चाकांच्या पिशवीत बसवला, वर थर्मास ठेवला, आणि पायऱ्या आल्या की एक पुढून, एक मागून असा तो उतरवला. चार पायऱ्या झाल्या की थांबायचं. गुडघ्यांचा हिशेब मग वहिनींनी मांडला, चिमीने आपल्या कमरेचा मांडला. गल्लीतला पाववाला दार किलकिलं करून बघत राहिला, दोन म्हाताऱ्या एवढ्या पहाटे कुठला बाजार करायला निघाल्या म्हणून.

खडकांवर पोचल्या तेव्हा उजेड नुकता कुठे पडू पाहत होता. समुद्र दिसत नव्हता, नुसता श्वास घेतल्यासारखा वर-खाली ऐकू येत होता. पायाखालचा दगड ओला, शेवाळलेला. पुढचा खडक दिसायचा, त्यापुढचा असावा असं वाटायचं, आणि त्यापलीकडे सगळं पांढरं. वास तोच, मिठाचा आणि कुजक्या शेवाळाचा. वहिनींना एकदम भूक लागली, पूर्वी लागायची तशी.

चिमीने तिकाटण्याचे पाय फटींमध्ये रोवले, मधोमध पिशवी टांगून तिच्यात दगड भरले. हात विसरले नव्हते. मग काळ्या फडक्यात डोकं घालून म्हणाली, "काही दिसत नाही. टॉर्च."

वहिनी टॉर्च घेऊन निघाल्या. हातापायांवर, बसत, सरकत. तीसेक पावलांवर मागे वळून पाहिलं तर चिमी नव्हती, कॅमेरा नव्हता. नुसतं धुकं. त्यांनी दगडाजवळ टॉर्च धरला.

"डावीकडे घ्या!" धुक्यातून आवाज आला. "तुमच्या नाही, माझ्या!"

वहिनींनी टॉर्च सरकवला. समोर चेहरा नाही, डोळे नाहीत. चौतीस वर्षं जे जेवणाच्या टेबलावर, बसस्टँडवर, दोन मयतांच्या घरात तोंडातून निघालं नव्हतं, ते इथे अचानक निघालं.

"चिमे, तो फोटो माझा एकटीचा नव्हता!"

"काय? ऐकू येत नाही!"

"तो फोटो!" वहिनींनी घसा ताणला. "माझा एकटीचा..."

बंदरातला भोंगा नेमका तेव्हाच वाजला. लांबलचक वाजला. संपेपर्यंत वहिनी थांबल्या, आणि मग सगळा जीव एकवटून ओरडल्या, "जागा तू शोधलीस! नजर तू लावलीस! मी नुसती मोजत बसले! मी तेव्हा बोलायला हवं होतं आणि मी बोलले नाही! ऐकलंस का?"

धुक्यात काहीच हललं नाही. एक लाट फुटली. दुसरी फुटली.

"ऐकलं," आवाज आला. मग जरा वेळाने, "टॉर्च हलतोय. नीट धर."

धर. वहिनींनी दोन्ही हातांनी टॉर्च धरला.

परत आल्या तेव्हा चिमी तिकाटण्याशेजारी दगडावर बसून थर्मासमधला चहा ओतत होती. तिने पेला पुढे केला.

"नावाचं वाईट वाटलं," ती म्हणाली. "नाही कशाला म्हणू? पाचसहा वर्षं चांगलंच सलत होतं. बाबांचाही राग आला. मग मुलं झाली, त्यांच्या शाळा, सासूचं आजारपण. राग धरायलाही फुरसत लागते गं. पण एक गोष्ट काही केल्या जाईना."

"कोणती?"

"या दिवसांत तिकडे पहाटे जाग यायची. खिडकीत जाऊन बघायची मी. धुकं कुठलं असायला, नुसती धूळ. मनात यायचं, आत्ता वहिनी खडकांवर असेल. तिने दुसरं कुणी शोधलं असेल टॉर्च धरायला. माझ्यावाचून तिचं छान चाललंय. एवढं बक्षीस मिळालंय, आता काय, रोज जात असेल."

वहिनी तिच्याकडे बघत राहिल्या. "मी परत कधीच गेले नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तू गेल्यावर एकदाही नाही. आज आले ती पहिली."

"चौतीस वर्षांत?"

"कोण धरणार टॉर्च? ह्यांना तर अंधाराची भीती. लोक विचारायचे, आणखी फोटो दाखवा. मी सांगायची, मनासारखे झाले नाहीत, फाडून टाकले. धुक्याचे फोटो काढणारी बाई म्हणे! आयुष्यात धड एक फोटो, तोही अर्धा."

चिमीच्या खांद्यांना गदगदा हिसके बसायला लागले. वहिनींना वाटलं रडतेय, पण ती हसत होती. "अगं वहिनी," ती कशीबशी म्हणाली, "मी तिकडे तुझ्या नावाने बोटं मोडत बसले, आणि तू इथे पासपोर्टचे फोटो काढत बसलीस. किती मूर्ख आहोत आपण!"

मग मात्र ती खरंच रडली. वहिनीही रडल्या. चहा पार निवला.

"उजेड वाढत चाललाय," शेवटी चिमीच नाक पुसत उठली. भिंगावर धुक्याचे थेंब साचले होते, ते तिने टिपले. फिल्मची चौकट मागे सरकवली, काळी पट्टी ओढली, तार वहिनींच्या हातात दिली आणि दुसऱ्या हाताने वहिनींचा कोपर धरून ठेवला. वहिनींनी तार दाबली. दोघी समोर बघत उभ्या राहिल्या. पाणी फटीतून आत यायचं, बाहेर जायचं. धुक्याच्या पोटात कुठेतरी पांढरेपणा वाढत होता.

"किती झाले?" चिमीने विचारलं.

"मला काय विचारतेस? तू मोजत होतीस ना?"

"मी? तार तुझ्याकडे आहे!"

वहिनींनी दचकून तार सोडली. दुसरी फिल्म घालेपर्यंत भरतीचं पाणी तिकाटण्याच्या पायाला लागलं, आणि दोघींनी चपळाईने, म्हणजे त्यांच्या वयाच्या मानाने चपळाईने, सगळं उचलून वर आणलं.

दुपारी डार्करूममध्ये गेल्या तर तिथली फळी आदल्या दिवशीच काढलेली. तबकं जमिनीवर मांडली आणि मिट्ट काळोखात दोघी पाटावर बसल्या. फिल्म पाण्यात हलवताना चिमीची बोटं वहिनींच्या बोटांना लागत होती. बोलायचं बरंच होतं, पण दोघी मिनिटं मोजत राहिल्या. या वेळी मोजली.

फोटो आला, पण फार ग्रेट नाही. मोजायचं विसरल्यामुळे उजेड जास्त झाला होता, मागचा खडक जवळजवळ विरघळून गेला होता. पुढचा तेवढा उभा होता, ओला आणि काळा. मामंजी असते तर चष्मा कपाळावर चढवून 'ठीक' म्हणाले असते. चिमीने तो दोरीवर वाळत घातला आणि वहिनी येता-जाता त्याच्याकडे बघत राहिल्या.

संध्याकाळी चष्मेवाला माप घ्यायला आला. खिडकीतला जुना फोटो त्याने भिंतीला टेकवलेला पाहिला आणि अदबीने विचारलं, "हा इथेच ठेवता का? गिऱ्हाइकांना वाचायला अक्षरं असतात, पण लांबचं बघायला काहीतरी लागतं."

वहिनींनी चिमीकडे पाहिलं. "ठेवू. पण खालची पट्टी काढून देते."

"कशाला?" म्हणत चिमी चष्मेवाल्याकडे वळली. "खिळ्यांची भोकं दिसतील. माझं नाव बाजूला घाला म्हणजे झालं. लहान अक्षरांत चालेल. नाहीतर मोठ्यातच घाला, चष्म्याचंच दुकान आहे."

चष्मेवाल्याला काही कळलं नाही, पण तो वहीत लिहून घेऊ लागला. नाव विचारलं तेव्हा दोघी एकदम बोलल्या.

गुरुवारी सकाळी दोघी बसस्टँडवर गेल्या, पिशवी न घेता. खिडकीवरच्या कारकुनाने तिकीट उलटसुलट करून पाहिलं. पुढची कोणती तारीख देऊ म्हणाला.

"धुकं संपेल तेव्हाची," चिमी म्हणाली.

"तशी तारीख आमच्याकडे नसते, आजी."

"मग महिनाअखेरची द्या," वहिनी म्हणाल्या. "आणि खिडकीची जागा बघा. हिला बस लागते."